हातची विद्या आणि घरचे माप

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी आजच्या व्याख्यानाचा विषय आम्हांस कळविला, तेव्हा प्रथम आम्ही किंचित गोंधळलो. 'घरच्या घरी करता येण्याजोग्या सोप्या वस्तू व पाककृती' असा तो विषय. आमच्या एका स्नेह्यांनी तर थट्टेने विचारले, "गुरुजी, हा विषय महिला शाखेचा. तुम्ही तेथे काय सांगणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही मॅट्रिक झालेले, रत्नागिरी जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून ३९ वर्षे मुलांना शिकवून २०१८ साली निवृत्त झालेले एक साधे शिक्षक. आयुष्यभर आमच्या हातात खडू होता. पळी कधी नव्हती. तथापि निवृत्तीनंतर हा विषय आम्हांस ज्या रीतीने शिकावा लागला, ती हकीगत आपल्यापुढे ठेवली तर तिचा कोणास तरी उपयोग होईल, असे वाटल्यावरून आम्ही होकार दिला.

आरंभी एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. हाताने काम करून शिकावे, हा विचार आपल्या देशात नवा नाही. १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली, तीत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी बिया, पाने, शिंपले, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणाची साधने तयार केली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शालेय अभ्यासक्रमात कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्याही वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास होता. परंतु खरे सांगावयाचे तर तो तास आम्ही पुष्कळदा गणितासाठी घेतला. परीक्षा जवळ आली की कार्यानुभव मागे पडे आणि वर्षाअखेरीस त्याची श्रेणी आम्ही अंदाजाने भरीत असू. हातांनी करावयाचे काम हे फावल्या वेळाचे आणि डोक्याने करावयाचे तेच खरे शिक्षण, अशी आमची समजूत होती. शाळेत जी समजूत, तीच घरी.

घरी काय होते? आमचे लग्न १९८५ साली झाले. पुढची ३६ वर्षे आमच्या ताटात जे येत गेले ते आम्ही जेवत गेलो. मेतकूट, सांडगे, कुरडया, आमसुले, लोणची यांपैकी काहीही विकत आणल्याचे आम्हांस स्मरत नाही. ते कसे होते, किती वेळ घेते, त्याचे प्रमाण काय, हे आम्ही एकदाही विचारले नाही. वर्गात आम्ही मुलांना 'विचारा, विचारा, न विचारणारा मागे राहतो' असे सांगत होतो. घरात मात्र आम्ही स्वतः न विचारणारे विद्यार्थी होतो.

२०२१ सालच्या वैशाखात आमच्या घरातील लक्ष्मी आम्हांस सोडून गेली. त्या दिवसांविषयी अधिक बोलण्याचे हे स्थळ नव्हे. अनेक घरांनी ते वर्ष भोगले आहे. तेरा दिवस झाले, माणसे आपापल्या ठिकाणी परतली आणि एका सकाळी आम्ही स्वतःसाठी मऊ भात टाकला. फडताळातील मेतकुटाची बरणी काढली. तळाशी दोन चमचे मेतकूट उरले होते. आम्ही बरणीत चमचा घातला आणि तसाच बाहेर काढला. हे दोन चमचे संपले की ही चव संपली, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले. बरणीचे झाकण आम्ही परत लावले आणि तो भात तूपमीठ घालून खाल्ला.

मग आम्ही मेतकूट करावयाचे ठरविले. आमच्या मेहुणीबाईंस दूरध्वनी केला. दोघी बहिणी एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनी सांगितले, "भावोजी, अगदी सोपं आहे. दोन मापं हरभऱ्याची डाळ म्हणजे एक वर्षभराचं. तुम्ही एकटे, तुम्ही एकच माप घ्या. अर्धं माप तांदूळ, अर्धं उडदाची डाळ, पाव माप मूगडाळ, पाव माप गहू. मग धने-जिरे दोन-दोन चमचे, मेथी, मोहरी, हळद, सुंठ चमचा-चमचा, थोडा हिंग, थोडे मिरे, चार मिरच्या. सगळं निरनिराळं भाजायचं, आणि वास सुटला की उतरायचं."

आम्ही विचारले, "वास कसा सुटतो?"

त्या म्हणाल्या, "वास सुटल्यासारखा!"

पहिला प्रयत्न मेथीने बुडविला. मेथी तांबूस होताच उतरावयास हवी, ती आम्ही काळी होऊ दिली. मेतकूट कडू विष झाले. दुसऱ्या खेपेस डाळी कच्च्या राहिल्या. पिठाला हिरवट वास राहिला आणि जिभेला ते चिकट लागू लागले. तिसऱ्या खेपेस भाजणी साधली, पण चव साधेना. मसाल्याची चव पुढे आणि डाळीची मागे. बरणीतल्या दोन चमच्यांतील चिमूटभर घेऊन आम्ही शेजारी ठेवून पाहिले. रंगदेखील निराळा होता.

दिवाळीच्या सुटीत आमचा नऊ वर्षांचा नातू आला. आजोबांचे प्रयोग पाहून त्यास मौज वाटली. आम्ही त्यास प्रमाण वाचून दाखविले. त्याने सरळ विचारले, "आजोबा, एक माप म्हणजे कुठलं माप?"

३९ वर्षे शिक्षकी केलेल्या माणसास हा प्रश्न सुचला नव्हता. माप म्हणजे वाटी, असे आम्ही गृहीत धरले होते. पुन्हा मेहुणीबाईंस विचारले. त्या म्हणाल्या, "वाटी कशाला? आईचं चिपटं ताईकडेच नाही का?" तांदळाच्या डब्यात ते चिपटे होते. कडेला पोचे आलेले, रोज आमच्या दृष्टीस पडणारे. पूर्वी धान्य पायली, शेर, मापटे, चिपटे अशा मापांनी मोजीत. १९५६ सालच्या कायद्याने दशमान मापे आली आणि ही जुनी मापे बाजारातून गेली. तरी घरांतल्या डब्यांतून ती राहिली. नातवाने चिपटे पाण्याने भरले आणि ते पाणी वाट्यांत ओतले. आमच्या घरच्या बरोबर दोन वाट्या भरल्या.

बालमित्रांनो, आता गणित पाहा. डाळी-तांदूळ चिपट्याने मोजावयाचे होते. ते आम्ही वाटीने मोजले, म्हणजे निम्मे घेतले. मसाला मात्र चमच्याने मोजावयाचा होता, तो आम्ही पुरता घेतला. याचा अर्थ डाळीच्या मानाने मसाला दुप्पट पडला. हे त्रैराशिक आम्ही शेकडो मुलांना शिकविले होते; आमच्या घरच्या फडताळात ते आमच्यासाठी वाट पाहत बसले होते.

चौथ्या खेपेस मेतकूट झाले. तंतोतंत तेच झाले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु नातवाने एक घास घेतला आणि म्हणाला, "आजीचं." आम्हांस तेवढे प्रमाणपत्र पुरले.

आता ते प्रमाण आपण लिहून घ्यावे. हरभरा डाळ २ वाट्या, तांदूळ १ वाटी, उडीद डाळ १ वाटी, मूगडाळ अर्धी वाटी, गहू अर्धी वाटी. धने व जिरे प्रत्येकी २ चमचे. मेथी, मोहरी, हळद व सुंठपूड प्रत्येकी १ सपाट चमचा. हिंग अर्धा चमचा, मिरे ८ ते १०, सुक्या मिरच्या ४. चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. प्रत्येक जिन्नस निरनिराळा, कोरडा, मंद आचेवर भाजावा. कारण दाणा लहानमोठा असल्यामुळे प्रत्येकास लागणारा वेळ सारखा नसतो. डाळी बदामी रंगावर याव्यात, तांदूळ किंचित फुलावेत, मेथी केवळ तांबूस व्हावी. हळद, हिंग व सुंठपूड गरम जिनसांत शेवटी मिसळावी. सर्व पूर्ण निवल्यावरच बारीक दळून चाळावे. गरम असता दळले तर पीठ दमट होते. कोरड्या बरणीत भरावे आणि ओला चमचा घालू नये. मऊ भात, तूप, मीठ आणि मेतकूट यांसारखे आजाऱ्यास व निरोग्यास दोघांसही चालणारे अन्न आम्हांस दुसरे ठाऊक नाही. दह्यात कालवून बारीक कांदा घातला तर तोंडीलावणेही होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. हे आपल्या ज्ञातीचे खास मेतकूट, असा आमचा दावा नाही. महाराष्ट्रातील कितीतरी घरांतून मेतकूट होते आणि प्रत्येक घर आपलेच खरे मानते. आपले वैशिष्ट्य असलेच तर ते आपापल्या घरच्या चिपट्यात आहे. म्हणून जपावयाचे ते घरचे माप. शेजाऱ्याचे कमी लेखण्याचे कारण नाही.

मेतकूट जमल्यावर आमची भीड चेपली. आपणांपैकी बरीच कुटुंबे मुंबई-ठाण्याच्या लहान सदनिकांतून राहतात. अंगण नाही, गच्चीवर जाता येत नाही, अशी अडचण अनेक भगिनी सांगतात. त्यांनी अमृतकोकम करून पाहावे. वैशाखात रातांबे पिकतात. पाऊस पडण्यापूर्वी ते मिळवावेत. धुऊन, फडक्याने अगदी कोरडे पुसून, मधोमध चिरावेत. आतील बियांचा गर काढून ठेवावा. सालींच्या अर्ध्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत एकीवर एक रचाव्यात. वजनाने सालींच्या दुप्पट साखर घ्यावी. आंबट पदार्थ असल्याने पितळेचे वा अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. बरणीच्या तोंडास स्वच्छ फडके बांधून ती खिडकीच्या उन्हात ठेवावी आणि दररोज कोरड्या पळीने एकदा हलवावी. आठ-दहा दिवसांत साखर विरघळून लाल पाक सुटतो. तो गाळून बाटल्यांत भरावा. प्यावयाच्या वेळी पाणी, चिमूटभर मीठ व भरडलेले जिरे घालावे की सरबत झाले.

काढून ठेवलेला गर टाकावयाचा नाही. त्यात चाखून खारट लागेल इतके मीठ घालावे, की रस सुटतो. तोच आपला आगळ. ज्यांच्या गावी अंगण आहे त्यांनी आणखी काही रातांब्यांच्या साली रात्री या रसात भिजत घालाव्यात, दिवसा उन्हात वाळवाव्यात आणि साली काळसर व मऊ होईपर्यंत चार-पाच दिवस हाच क्रम चालवावा. ही आमसुले. उरलेल्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगते. ते निवून घट्ट होते. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आमची आई तेच लावीत असे. एका फळाचे चार उपयोग आणि टाकाऊ काही नाही. 'काटकसर' या विषयावर आम्ही कित्येक निबंध तपासले, पण त्यांपैकी एकातही रातांब्याचे उदाहरण आल्याचे आठवत नाही.

आता बालमित्रांकडे वळतो. त्याच दिवाळीत आम्ही नातवासह चांदणीचा आकाशकंदील केला. यास बांबूच्या २ फूट लांबीच्या १० कामट्या आणि ४ इंच लांबीचे ५ तुकडे लागतात. कामट्यांची कुसे काचकागदाने घासून काढावीत, नाहीतर बोटांत शिरतात. पाटीवर पेन्सिल न उचलता आपण पाच टोकांची चांदणी काढतो ना? त्याच रीतीने ५ कामट्या एकमेकींवर ठेवाव्यात आणि पाचही टोके दोऱ्याने घट्ट बांधावीत. अशा दोन चांदण्या तयार झाल्या की त्या एकीवर एक ठेवून त्यांची बाहेरची टोके एकत्र बांधावीत. आत जेथे कामट्या एकमेकींस छेदतात अशा पाच जागा असतात. तेथे दोन चांदण्यांच्या मधोमध ते ५ लहान तुकडे उभे बसवून बांधावेत. कंदील लगेच फुगतो आणि त्यास पोट येते. हा क्षण मुलांस दाखविण्यासारखा असतो.

कागद चिकटविण्यास विकतच्या डिंकाची गरज नाही. २ चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा. दीड वाटी पाणी उकळत ठेवून त्यात तो हळूहळू ओतावा व ढवळीत राहावे. मिश्रण चकचकीत झाले की उतरावे. ही खळ. दोन दिवस टिकते. कीड लागू नये म्हणून पुस्तक बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालीत. परंतु मोरचूद विषारी आहे, तेव्हा घरात मुले असता ते घालू नये, खळ ताजी करावी. पतंगी कागद कामटीपेक्षा बोटभर मोठा कापून कडा आत दुमडाव्यात. दिवा आत सोडण्यासाठी मागील बाजूस एक पाकळी उघडी ठेवावी. दिवा नव्या पद्धतीचा, कमी तापणारा, एलईडी असावा. जुन्या तापणाऱ्या दिव्याने कागद पेटण्याचे भय असते. खालच्या दोन टोकांस झिरमिळ्या लावल्या की काम झाले.

कंदील बांधून झाल्यावर आम्ही नातवास कोनमापक दिला. चांदणीच्या एका टोकाचा कोन ३६ अंश भरला. पाच टोके मिळून किती? १८० अंश. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज तेवढीच! त्याचे डोळे विस्फारले. आणि आम्हांस मात्र कार्यानुभवाचे ते सारे तास आठवले, जे आम्ही गणितासाठी म्हणून काढून घेतले होते. त्या तासांत आम्ही एक कंदील बांधून घेतला असता, तर गणितही आपल्या पायांनी चालत आले असते. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तरावाचून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना आहे. या सभागृहात शिक्षक बंधुभगिनी असतील, त्यांस आमची विनंती आहे की, त्यांनी हे दिवस आमच्यासारखे वाया घालवू नयेत.

शेवटची वस्तू गोधडी. आमच्या घरातील सुती साड्या कपाटात घडी करून ठेवल्या होत्या. देऊन टाकाव्यात असे सूनबाई म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते. आमचे मन होईना. तेव्हा मेहुणीबाई चार दिवस राहावयास आल्या आणि त्यांनी गोधडी घालण्याचे सुचविले. रीत अशी. साड्या धुऊन, खळ काढून, वाळवाव्यात. साधारण साडेपाच मीटरची साडी मधोमध दुमडली की एका माणसाच्या अंथरुणाएवढी लांबी-रुंदी मिळते. एक चांगली साडी बाहेरून, तिच्या पोटात दोन विरलेल्या साड्या अशाच दुमडून घालाव्यात, म्हणजे सहा पदर होतात. जमिनीवर पसरून सुरकुती काढावी, वितीवितीच्या अंतराने कच्चे टाके घालावेत, म्हणजे पदर सरकत नाहीत. मग जाड सुई व दुपदरी सुती दोरा घेऊन कडेपासून आत, चारी बाजूंनी फिरत, बोटभर अंतराच्या ओळींत धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावे. गाठ पदराच्या आत लपवावी. शेवटी कच्चे टाके उसवून टाकावेत.

एक बाजू मेहुणीबाईंची, एक सूनबाईंची, एक चिरंजीवांची आणि एक आमची. चिरंजीव प्रथम तयार होईनात. "बाबा, मला सुईत दोरा ओवता येत नाही," असे ते म्हणाले. तो दोष त्यांचा नव्हता. तो आम्ही शिकविला नव्हता. पहिल्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी हिरव्या साडीचा काठ मेहुणीबाईंच्या हाती आला आणि ही साडी कोणाच्या लग्नात घेतली होती यावरून बोलणे निघाले. मग बोलणे थांबेना. तेराव्या दिवशी जे कोणास बोलता आले नव्हते ते गोधडीवर बसून बोलता आले. आमची बाजू वेडीवाकडी झाली आहे. नातू ती गोधडी पांघरतो आणि आमची बाजू पायांकडे घेतो, कारण तिचे टाके त्याच्या गालाला टोचतात!

या सर्वांवर कोणी म्हणेल की, आज दुकानात सर्व काही मिळते, मग हा खटाटोप कशासाठी? प्रश्न योग्य आहे, आणि त्यास भाबडे उत्तर देण्याची आमची इच्छा नाही. पूर्वीचा काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. जात्यावर पहाटे दळणाऱ्या आमच्या आईच्या हातांचे घट्टे आम्ही पाहिले आहेत. घरची विद्या घरातील एकाच व्यक्तीच्या पाठीवर लादणे, तिला त्यातून सवड न देणे आणि वर सणाच्या दिवशी तिच्या हाताची स्तुती करणे, यास आम्ही संस्कृती म्हणणार नाही. तीच विद्या मोजली गेली तर तिचे मोल काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९५९ सालच्या १५ मार्चला गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. त्यातून लिज्जत पापडाचा उद्योग उभा राहिला आणि आज हजारो भगिनी त्यात भागीदार आहेत. पापड घरोघरी लाटले जात होतेच. तेथे त्या श्रमाचा हिशेब ठेवला गेला आणि मोबदला लाटणाऱ्या हातात पडला, हा फरक.

त्याचप्रमाणे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' निघाले. त्यातील प्रमाणे वाटी-चमच्याने दिलेली आहेत, म्हणून नवख्या मुलींना ती आपलीशी वाटली. आईपासून दूर संसार मांडणाऱ्या कित्येकींना त्या पुस्तकाने आधार दिला. लिहून ठेवलेली विद्या परक्याच्याही उपयोगी पडते. न लिहिलेली विद्या घरच्याही उपयोगी पडत नाही, हा अनुभव आम्ही घेतला आहे.

म्हणून आम्ही मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. तीत घरातील प्रत्येक पदार्थासाठी किंवा वस्तूसाठी पाच ओळी लिहाव्यात. पहिली ओळ, नाव. दुसरी, प्रमाण; आणि माप कोणते तेही, ते वाटीत किती भरते हेही. तिसरी, खूण, म्हणजे रंग, वास, आवाज, ज्यावरून झाले हे कळते. 'वास सुटल्यासारखा' असे लिहिले तरी चालेल, पण शेजारी बसून तो वास मुलास एकदा देववावा. चौथी, चूक, म्हणजे हे कशाने बिघडते. आणि पाचवी ओळ, ही कोणाच्या हातची. आपल्या स्मरणिकांतून देणगीदारांची नावे छापली जातात, ती अवश्य छापावीत. परंतु ज्यांच्या हातचे खाऊन आपण मोठे झालो, त्यांची नावे कोठे छापली आहेत? पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा वह्यांतील निवडक पाने यावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिले पान आम्ही देऊ.

ही वही मात्र घरातील मुलीने एकटीने लिहू नये. मुलग्यांनी लिहावी, जावयांनी लिहावी, आणि आमच्या वयाच्या निवृत्त गृहस्थांनी तर सर्वांत आधी लिहावी, कारण आम्हांस वेळही आहे आणि आमचे देणेही मोठे आहे. लिहिण्यापूर्वी करून पाहावे. करण्यापूर्वी विचारावे. आणि ज्यांस विचारावयाचे ती माणसे आज आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसली आहेत, हे आपले भाग्य आहे. आज घरी गेल्यावर एक प्रश्न विचारा. त्या म्हणतील, 'त्यात काय सांगायचं, अगदी सोपं आहे.' तेव्हा तेथेच थांबू नका. माप कोणते, ते विचारा.

आपल्या मराठीत दोघांचे चांगले जुळले की त्यांचे 'मेतकूट जमले' असे म्हणतात. आमचे मेतकूट जमण्यास चार खेपा लागल्या आणि जिच्याशी ते जमावयाचे होते ती पाहावयास राहिली नाही. बरणीतले ते जुने दोन चमचे, चिमूट-चिमूट घेऊनही थोडे उरले होते. ते आम्ही नव्या मेतकुटात मिसळून टाकले. विरजणासारखे, असे नातू म्हणाला. त्यास विरजण ठाऊक आहे, याचा आम्हांस आनंद झाला.